थॅलेसेमियाच्या मुलासाठी रक्ताची पिशवी: ताजी, गाळलेली की धुतलेली?

थॅलेसेमिया, म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन न बनण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलाला मुंबईत दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवून घेणारे पालक रक्तपेढीच्या खिडकीवर बहुधा एकच प्रश्न विचारतात: पिशवी कालची आहे की जुनी? हा प्रश्न गैर नाही, पण माझ्या मते तो दुसरा असायला हवा; पहिला प्रश्न पिशवीतील पांढऱ्या पेशी कधी काढल्या, हा.

आधी ताजेपणाचे पाहू. सीपीडीए-१ या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातील लाल पेशी २ ते ६ अंश सेल्सिअसला ३५ दिवस टिकतात, तर सॅगएम हे पोषक द्रावण मिसळलेल्या ४२ दिवस. मुदत संपेपर्यंत पिशवी वापरण्याजोगी असली, तरी साठवणीत पोटॅशियम बाहेर झिरपते आणि काही पेशी शरीरात गेल्यावर लवकर मोडतात. एका पिशवीतून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. म्हणून कमी टिकणाऱ्या पेशींसाठी एवढे लोह पत्करणे महागात पडते. दोन आठवड्यांच्या आतली पिशवी मिळाली तर उत्तम. मात्र मे महिन्यात महाविद्यालये बंद असतात, चाकरमानी गावी गेलेले असतात आणि शिबिरे रोडावतात. अशा वेळी ताज्या पिशवीसाठी थांबून मुलाचे हिमोग्लोबिन ९ ग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली जाऊ देणे हा तोट्याचाच सौदा ठरतो.

गाळलेल्या, म्हणजे ल्युकोरिड्यूस्ड पिशवीत पांढऱ्या पेशी ५० लाखांहून कमी उरतात. त्यामुळे थंडी वाजून ताप येणे बरेच कमी होते, आणि एचएलए प्रतिपिंडे (दुसऱ्याच्या पेशींवरील ओळखखुणांविरुद्ध शरीर बनवते ती द्रव्ये) तयार होण्याचा धोकाही घटतो, जे पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा विचार असेल तर फार मोलाचे आहे. गाळणी खाटेशेजारी लावता येते. पण तोवर पांढऱ्या पेशींनी ताप आणणारी द्रव्ये पिशवीत सोडलेली असतात आणि ती गाळणीत अडकत नाहीत. साठवणीपूर्वी गाळलेली पिशवी म्हणूनच सरस.

धुतलेल्या, म्हणजे सलाइनने धुऊन प्लाझ्मा काढून टाकलेल्या पेशी सरसकट मागू नयेत. अंगावर वारंवार तीव्र पित्त उठणाऱ्या किंवा रक्तात आयजीए हे प्रतिपिंड नसलेल्या मुलाला त्या लागतात. इतरांच्या बाबतीत धुण्यात काही लाल पेशी वाया जातात आणि पिशवी २४ तासांत वापरावी लागते.

काका-मामांचे रक्त 'आपले' म्हणून घेण्याचा मोह होतो. ते टाळावे. जवळच्या नातेवाइकाच्या पांढऱ्या पेशी क्वचित मुलाच्याच शरीरावर उलटतात आणि गाळणीने हा धोका पुरता जात नाही. त्यासाठी पिशवीला किमान २५ ग्रे (किरणांच्या मात्रेचे एकक) इतका किरणोत्सर्ग द्यावा लागतो. शिवाय त्याच कुटुंबातून अस्थिमज्जा घ्यायची झाल्यास मुलाचे शरीर तिच्याविरुद्ध आधीच सज्ज झालेले असू शकते.

पिशवी कोणतीही निवडली, तरी पहिले रक्त चढण्याआधी मुलाच्या आर-एच आणि केल प्रतिजनांची (लाल पेशींवरील रक्तगटाच्या खुणांची) तपासणी करून तो कागद फाइलला लावावा, कारण एकदा दात्याच्या पेशी मिसळल्या की नेहमीच्या पद्धतीने ती तपासणी करणे अवघड होऊन बसते.