इंडियन कॉफी हाउस, तंपानूर: बीटाचं कटलेट आणि कामगारांचा कारभार

तिरुवनंतपुरम स्टेशनाबाहेर, तंपानूरच्या बसस्टँडजवळ लाल विटांची एक गोल इमारत आहे. वास्तुकार लॉरी बेकर यांची. आत मजले नाहीत. एकच उतरण गोल फिरत वर जाते. बाहेरच्या भिंतीलगत टेबलं-बाकं बांधून काढलेली आणि विटांच्या जाळीतून वारा येतो. तुऱ्याचे पांढरे फेटे बांधलेले वाढपी हातात ट्रे घेऊन ही चढण दिवसभर चढतात-उतरतात. गुडघे दुखत असतील तर खालीच बसा, नाहीतर जरूर वर जा.

मागवायचं ते कटलेट. कापलं की आतून बीटाने लालबुंद, बाहेरून खरपूस, सोबत सॉस. मसाला डोशाच्या भाजीतही बीटच. आपल्या जिभेला आधी जरा गोडसर लागतं, मग आवडायला लागतं. कॉफी दुधाळ आणि कडक. बिल बघून बरं वाटतं.

पण मी पाच तारे देतोय ते कारभारासाठी. या साखळीचं पहिलं दुकान 1936 साली आपल्या मुंबईत, चर्चगेटला निघालं. पुढे ती सरकारी कॉफी बोर्डाच्या हाती होती. पन्नाशीच्या दशकात बोर्डाने दुकानं बंद करायला घेतली आणि कामगार रस्त्यावर यायची वेळ आली. केरळचे कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं, सहकारी सोसायट्या काढा आणि दुकानं तुम्हीच चालवा. 1957 मध्ये बंगळूरला पहिली सोसायटी उभी राहिली, 1958 मध्ये त्रिशूरला केरळातलं पहिलं कॉफी हाउस सुरू झालं. काल कपबशा उचलणारा माणूस आज सभासद झाला, संचालक मंडळ निवडून द्यायला लागला.

मी सांगलीकडचा, सहकारी संस्थेत कर्मचारी विभाग सांभाळतो. एका विलीनीकरणात मी हजर होतो. तिथे पहिल्याच महिन्यात पाटी बदलली, गणवेश बदलले, पासबुकाचा रंगसुद्धा बदलला. निर्णय घेणारी माणसं मात्र तीच राहिली. खातेदार बावरले आणि शिपायापासून शाखाधिकाऱ्यापर्यंत सगळे मनातून तुटले. कॉफी हाउसवाल्यांनी नेमकं उलट केलं. मालकी मुळापासून बदलली, पण गिऱ्हाइकासमोरचा फेटा, कॉफी, वाढायची रीत तशीच ठेवली. एवढी मोठी उलथापालथ त्यामुळेच पेलली गेली, असं माझं ठाम मत आहे.

त्याचा परिणाम टेबलावर दिसतो. मी एकटाच बराच वेळ बसलो होतो, कुणी उठायला सुचवलं नाही. शेजारच्या टेबलावरच्या आजोबांना काय हवं ते वाढप्याने न विचारताच आणून दिलं. हे काम टिपेच्या आशेवर होत नाही.

बदल-व्यवस्थापनाची शिबिरं हॉटेलांच्या वातानुकूलित सभागृहांत भरवणाऱ्यांनी एक दिवस आपली मंडळी इथे आणावीत. सकाळी लवकर या, डोसा गरम मिळतो आणि वरच्या टोकाला जागाही असते.