बेलफास्टची दोन गाइडवाली पायी टूर : जरूर करा, पण दोन गोष्टी खटकल्या

उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टला कुणी जाणार असेल तर बाकी काय बघायचं ते तुमचं तुम्ही ठरवा, पण ही दोन गाइडवाली पायी टूर चुकवू नका, एवढं आधीच सांगून टाकते. मी आणि ताई गेलो होतो, तीनेक तास चाललो, पाऊस अधूनमधून होताच, आणि रूमवर परत आल्यावर दोघी कितीतरी वेळ नुसत्या बसून होतो.

टूरचा अर्धा भाग फॉल्स रोडचा, म्हणजे कॅथलिक वस्ती, आयर्लंड एक व्हावं म्हणणारे, आणि गाइडही त्याच बाजूने लढून तुरुंगात गेलेला. उरलेला अर्धा शँकिल रोडचा, तिथे प्रोटेस्टंट वस्ती, आम्ही ब्रिटनमध्येच राहणार म्हणणारे, आणि तिथला गाइड त्यांच्या बाजूने तुरुंगात गेलेला. दोन्ही रस्ते एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर, फक्त मध्ये भिंत आहे. या दोन बाजूंच्या संघर्षात १९६९ ते १९९८ या काळात उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ३,५०० माणसं मेली, निम्म्याहून जास्त साधे नागरिक, आणि त्या अख्ख्या प्रदेशाची लोकसंख्या तेव्हा होती पंधरा लाखांच्या आसपास, म्हणजे साधारण सव्वाचारशे माणसांमागे एक गेला.

सुरुवात डिव्हिस टॉवरपाशी होते. वीस मजली साधी सरकारी बिल्डिंग, वरच्या मजल्यांवर ब्रिटिश लष्कराची टेहळणीची चौकी होती, ती २००५ ला उठली, तोवर खालच्या मजल्यांवर लोक संसार करत होते. इथल्याच फ्लॅट्समध्ये १९६९ च्या १५ ऑगस्टच्या पहाटे पोलिसांच्या मशीनगनची गोळी भिंतीतून आत आली आणि ९ वर्षांचा मुलगा घरातच मेला. १५ ऑगस्ट म्हटल्यावर ताईने माझा हात धरला, आपल्याला त्या तारखेचं दुसरंच काही आठवतं ना.

मग फॉल्स रोडने चालत बॉबी सँड्सचं मोठं भित्तिचित्र येतं. १९८१ च्या तुरुंगातल्या उपोषणात या बाजूचे दहा कैदी मेले, त्यातला हा पहिला, आणि उपोषण चालू असताना तो ब्रिटिश पार्लमेंटवर निवडूनही आला होता. गाइड इथे खूप वेळ थांबला. ते समजण्यासारखं आहे, पण ज्यांना गाइडच्याच बाजूच्या सशस्त्र संघटनेने मारलं त्यांच्याबद्दल तो दोन वाक्यांत पुढे गेला, हेही लक्षात आलं.

आता जे मला सगळ्यात जास्त लागलं ते सांगते. क्लोनार्ड मठाच्या मागच्या गल्लीत शिरलो आणि पाटी बघून ताई जागीच थांबली, बॉम्बे स्ट्रीट! शेजारी काश्मीर रोड, जवळपास लखनौ स्ट्रीट, कानपूर स्ट्रीट, सगळी आपल्याकडची नावं. १९६९ च्या ऑगस्टमध्ये प्रोटेस्टंट जमावाने ही बॉम्बे स्ट्रीट जवळजवळ अख्खी जाळली, पंधरा वर्षांचा एक मुलगा गोळी लागून मेला, लोक हाताला लागेल ते घेऊन पळाले. त्यानंतर लष्कराने मध्ये काटेरी तार टाकली. तिथल्या ब्रिटिश लष्कराचे तेव्हाचे प्रमुख जनरल फ्रीलँड म्हणाले होते की हे अगदी तात्पुरतं आहे, इथे बर्लिनसारखी भिंत होणार नाही. बर्लिनची भिंत २८ वर्षं टिकली, ही पन्नाशी ओलांडून गेली. २०१३ मध्ये तिथल्या सरकारने २०२३ पर्यंत अशा सगळ्या भिंती पाडू म्हणून ठरवलं होतं, पण त्यातल्या बहुतेक अजून उभ्या आहेत.

घरं पुन्हा बांधलीत, छान विटांची, दारात कुंड्या वगैरे. पण भिंतीला लागून जी परसदारं आहेत त्यांच्यावर लोखंडी जाळीचे पिंजरे आहेत, घराच्या छतापासून खालपर्यंत, कारण पलीकडून दगड, बाटल्या, पेट्रोल बॉम्ब यायचे. एका पिंजऱ्यात दोरीवर कपडे वाळत होते, लहान मुलाचा शाळेचा स्वेटर आणि दोन टॉवेल, आणि जाळीची सावली त्या टॉवेलवर चौकटी चौकटी पडलेली. मी फोन काढला आणि परत खिशात टाकला.

गेटपाशी गाइड बदलतो. भिंतीतलं हे गेट लॅनार्क वे या रस्त्यावर आहे, दिवसा उघडं, रात्री बंद, आणि २०२१ च्या एप्रिलमध्ये इथेच बस जाळली होती, म्हणजे हे सगळं जुनं झालंय असं समजू नका. पलीकडून दुसरा गाइड चालत आला, दोघांनी हात मिळवले, पहिल्याने विचारलं गुडघ्याचं ऑपरेशन कसं झालं, दुसरा म्हणाला जिना अजून त्रास देतो. एवढंच. मला वाटलं होतं काहीतरी भाषण करतील, दोस्तीचा फोटो वगैरे, तसं काही नाही. आम्ही मित्र नाही, हे दुसऱ्याने नंतर स्वतःच सांगितलं, पण एकमेकांचे नंबर आहेत, आणि रात्री गेटपाशी पोरं जमली की आधी एकमेकांना फोन करतात. शांतता प्रस्थापित करणं म्हणजे रोज काय करायचं असतं हे मला त्या फोनमुळे जास्त कळलं.

शँकिलच्या बाजूने तीच भिंत एकदम वेगळी दिसते. रंगवलेली, उंच, आणि जगभरातले टुरिस्ट टॅक्सीतून उतरून मार्करने त्यावर प्रेमाचे आणि शांततेचे मेसेज लिहितात. आम्हालाही मार्कर दिला. मी लिहिलं नाही, पलीकडचा तो स्वेटर डोळ्यांसमोर होता. मग १९९३ च्या ऑक्टोबरमध्ये मासळीच्या दुकानात बॉम्ब फुटला ती जागा दाखवली, दुपारची गर्दी, दहा मेले, त्यात बॉम्ब ठेवणारा एक आणि बाकी नऊ निरपराध, दोन लहान मुलीही. गाइडचा आवाज इथे बदलला. पण बॉम्बे स्ट्रीट कुणी जाळली यावर हाही झरझर पुढे गेला. दोघांच्याही गोष्टीत आपापली जखम मोठी आणि आपला हात लहान. म्हणूनच दोन्ही भाग करा, अर्धी टूरही मिळते, ती अजिबात घेऊ नका, अर्धी घेतलीत तर चुकीचंच घेऊन घरी जाल.

ताईने दोघांनाही वेगवेगळं विचारलं की पश्चात्ताप होतो का. एक म्हणाला, लोक गेले याचं दुःख आहे, लढलो याचं नाही. दुसरा बराच वेळ गप्प राहिला आणि म्हणाला की माझ्या आईला काय काय सहन करावं लागलं ते मला फार उशिरा कळलं.

खटकलेल्या गोष्टी दोन. एक म्हणजे बोलतात ते दोघंही बंदूक उचललेले. ज्यांनी कधीच उचलली नाही आणि तरी घरातला माणूस गमावला ते कुठे आहेत? हा संघर्ष थांबवणाऱ्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर दोन वर्षांत ४०० हून जास्त कैदी सुटले, शांततेसाठी ते लागणारच होतं, मलाही पटतं, पण ज्याने वडिलांना मारलं तो समोरच्या फुटपाथवर दिसतो तेव्हा त्या मुलीला काय वाटत असेल हे टूरमध्ये कुणीच सांगत नाही. बेलफास्टच्याच बॅलीमर्फी वस्तीत १९७१ ला मारले गेलेले दहा जण पूर्ण निर्दोष होते हे कोर्टाने मान्य करायला २०२१ उजाडलं, पन्नास वर्षं त्या घरांनी वाट बघितली. अशा घरातल्या एखाद्या माणसाला तिसरा गाइड म्हणून घ्या, अर्धा तास वाढवा, पैसे वाढवा, लोक देतील.

दुसरी, बायका जवळजवळ नाहीतच. मोनिका मॅकविल्यम्स आणि पर्ल सेगर यांच्या विमेन्स कोअलिशनने १९९६ मध्ये पक्ष काढून वाटाघाटींत जागा मिळवली, करारात पीडितांचा आणि कॅथलिक-प्रोटेस्टंट मुलांच्या एकत्र शाळांचा मुद्दा लावून धरला, आणि तीन तासांत त्यांचं नाव एकदाही नाही. मी विचारलं तेव्हा गाइड म्हणाला, हो हो, त्याही होत्या. राग आला मला.

बाकी प्रॅक्टिकल : उच्चार कळायला पहिली वीस मिनिटं जड जातात, पुढे उभे राहा. छत्री नको, वाऱ्यात उलटते, रेनकोट घ्या. वाटेत टॉयलेट नाही. सकाळची वेळ घ्या आणि टूर संपल्यावर जमलं तर बॉम्बे स्ट्रीटवर एकटे परत जा, कोपऱ्यात छोटी स्मृतिबाग आहे, तिथे बसा थोडं. घरांचे फोटो काढू नका, लोक राहतात तिथे.