थर्ड इम्पीरियम, आठ महिन्यांनंतर: जहाजाच्या हप्त्याविषयी थोडे अधिकच

ट्रॅव्हलर हा टेबलाभोवती बसून फाशांनी खेळायचा भूमिका-खेळ (रोलप्लेइंग गेम), आणि थर्ड इम्पीरियम हे त्यातील काल्पनिक अंतराळ-साम्राज्य. तेथे आमचे चार खेळाडू कर्जावर घेतलेले व्यापारी जहाज चालवतात. सहाव्या महिन्यातील एका बैठकीत आमच्या टेबलावर संकटाचा संदेश आला. खनिज वाहून नेणारे एक मोडके जहाज, आत अकरा माणसे, प्राणवायू दोन दिवस पुरेल एवढा. स्पेस ऑपेरात, म्हणजे अंतराळातील साहसकथांत, यापुढे काय घडायचे ते कोणाला सांगावे लागत नाही. आमच्याकडे मात्र हिशेब सांभाळणाऱ्या खेळाडूने वही उघडली, महिना संपायला नऊ दिवस उरले आहेत हे दाखवले, आणि वाट वाकडी केली तर हप्ता चुकेल असे शांतपणे सांगितले. उरलेल्या तिघांनी माना डोलावल्या आणि जहाज पुढे निघून गेले. जीएम (गेम मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) म्हणून मी तीन आठवडे खपून तयार केलेला प्रसंग त्या वहीखाली चिरडला गेला. त्याच रात्री मी हा अनुभव लिहायला घेतला. पहिला अर्धा भाग त्या रागातला आहे आणि तो मी मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण त्यातील हिशेब खरा आहे.

निवड कशी केली ते थोडक्यात सांगतो. चित्रपटांमुळे सर्वांना पाठ असलेले एखादे विश्व घ्यावे, असा पहिला विचार होता. परंतु अशा विश्वात जीएमपेक्षा खेळाडूंना अधिक माहिती असते आणि प्रत्येक प्रसंगी कोणी ना कोणी ‘हे असे नसते’ म्हणून हरकत घेतो, हे मी पूर्वी भोगलेले आहे. दुसरा पर्याय स्टार्स विदाउट नंबर या अशाच दुसऱ्या अंतराळ-खेळाचा होता. त्याची मूळ आवृत्ती 2010 ची, सुधारित 2017 ची, आणि खेळायला पुरेसे नियम फुकट मिळतात, ही गोष्ट माझ्या स्वभावाला विशेष पटणारी होती. मात्र त्यात सेक्टर, म्हणजे ताऱ्यांचा प्रदेश, आपणच रचायचा असतो आणि मला त्या वेळी आयते घर हवे होते. कोरिओलिस या तिसऱ्या खेळाचे ‘थर्ड होरायझन’ हे विश्व देखणे आहे, वातावरण तर अप्रतिम, पण त्यातील श्रद्धा आणि अंधाराची भीती आमच्या थट्टेखोर टेबलावर चार दिवसही टिकली नसती. शेवटी ट्रॅव्हलरचे थर्ड इम्पीरियम घेतले. सुमारे 11,000 ग्रहांचे साम्राज्य, चाळीस वर्षांहून अधिक काळ साचलेला तपशील आणि आंतरजालावर फुकट पाहता येणारा संपूर्ण नकाशा, एवढ्या सामग्रीवर जन्मभर खेळता येईल असे वाटले. नियम मात्र जुन्या, काळ्या पुस्तिकांच्या आवृत्तीचे घेतले, कारण ते माझ्याकडे होतेच.

आता हप्ता. आमचे जहाज दोनशे टनांचा फ्री ट्रेडर, किंमत 3,70,80,000 क्रेडिट (हे तेथील चलन). कर्जाचा मासिक हप्ता किमतीचा 240 वा भाग, म्हणजे 1,54,500 क्रेडिट, आणि तो 480 महिने भरायचा. प्रारंभीची 20 टक्के रक्कम धरली तर चाळीस वर्षांत जहाजासाठी मूळ किमतीच्या 220 टक्के मोजावे लागतात. जहाज जंप-1 क्षमतेचे, म्हणजे एका उडीत एकच पार्सेक (सुमारे सव्वातीन प्रकाशवर्षे) ओलांडणारे, प्रत्येक उडीला एक आठवडा लागतो, एक आठवडा बंदरात जातो, त्यामुळे महिन्याला दोनच फेऱ्या होतात. मालाची जागा 82 टन, भाडे टनाला 1,000. दोन्ही फेऱ्यांत जहाज काठोकाठ भरले तर 1,64,000 मिळतात. हप्ता वजा केल्यावर हातात 9,500 उरतात. चौघा खेळाडूंनी पगारावर पाणी सोडले, तरी त्यांच्या चार खोल्यांचा अन्न-हवेचा खर्च दर फेरीला खोलीमागे 2,000, म्हणजे महिन्याला 16,000 होतो. इंधन, बंदराचे शुल्क आणि वार्षिक देखभाल अजून धरलेलीच नाही. थोडक्यात, एकही टन रिकामा न जाता तोटा. तिकिटाला 10,000 क्रेडिट मोजणारे उच्च वर्गाचे प्रवासी मिळाले तरच गणित जुळते, आणि ते लहानसहान ग्रहांवर मिळत नाहीत.

याचा परिणाम असा, की पहिले सहा महिने आमच्या प्रत्येक बैठकीचा पाऊण तास मालाच्या तक्त्यांवर फासे टाकण्यात गेला. साम्राज्याचे सरदार, सीमेवरील तणाव, लुप्त झालेल्या प्राचीनांचे अवशेष, हे सारे मी हौसेने वाचले होते आणि ते सारे खिडकीबाहेरून सरकत राहिले. ग्रहांच्या माहितीचेही तसेच झाले. प्रत्येक ग्रहाची एक सांकेतिक ओळ असते, तिच्यात बंदराचा दर्जा, आकार, वातावरण, पाणी, लोकसंख्या, शासन, कायद्याचा कडकपणा आणि तंत्रज्ञान एकेका अक्षरात किंवा अंकात मांडलेले असते. ही व्यवस्था हुशारीची आहे, पण फाशांतून आलेली असल्यामुळे हवा नसलेल्या चिमुकल्या खडकावर अब्जावधी माणसे राहताना दिसतात आणि त्याचे कारण जीएमनेच शोधायचे असते. यावर मी स्टार्स विदाउट नंबरची युक्ती उसनी घेतली. त्यात प्रत्येक ग्रहाला दोन ‘टॅग’, म्हणजे त्याचे वैशिष्ट्य सांगणाऱ्या खुणा, असतात आणि त्या दोघांच्या घर्षणातून कथानक निघते. आधी नाकारलेल्या फुकट पुस्तकाने विकतच्या पुस्तकाची लाज राखली, याची नोंद करणे मला आवश्यक वाटते.

रागाचा भाग येथे संपला असता, परंतु सातव्या महिन्यात मत बदलावे लागले आणि त्याला कारण हाच कंजूषपणा. शुद्ध इंधन टनाला 500, अशुद्ध 100. एका उडीला 20 टन लागतात, त्यामुळे अशुद्ध इंधन वापरले की महिन्याला 16,000 वाचतात, म्हणजे चारही खोल्यांचा खर्च बरोबर निघतो. आमच्या हिशेबनिसाच्या डोळ्यांतून हे सुटणे शक्यच नव्हते. अशुद्ध इंधनाने उडी चुकण्याचा धोका वाढतो हे त्याला मी दोनदा सांगितले आणि दोन्ही वेळा त्याने तो धोका वहीत ‘किरकोळ’ या सदराखाली टाकला. पुढच्या एका उडीला त्याच्याच हातून दोन सहा पडले आणि उडी चुकली. चुकलेली उडी किती दूर नेते हे ठरवताना किती फासे टाकायचे हेही फाशानेच ठरते, अंतर छत्तीस पार्सेकपर्यंत जाऊ शकते. आमचे तीन फासे आले, बेरीज अकरा. एका वेळी एकच पार्सेक ओलांडणारे जहाज घरापासून अकरा पार्सेक दूर, ज्या ग्रहाचे नाव टेबलावर कोणी ऐकले नव्हते तेथे जाऊन पडले.

टेबलावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग अभियंत्याची भूमिका करणारीने विचारले, ‘हप्ता चुकला हे कर्ज देणाऱ्यांना कळणार कसे?’

सहा महिने मला न दिसलेली गोष्ट त्या प्रश्नातून दिसली. या विश्वात बातमी जहाजापेक्षा वेगाने जात नाही. एका ताऱ्याहून दुसऱ्याला पोहोचणारा रेडिओ नाही, तात्काळ संदेश नाही. टपालाची वेगवान जहाजेसुद्धा आठवड्याला चार पार्सेकच जातात. म्हणून तर राजधानी सीमेवर हुकूम चालवू शकत नाही, म्हणून सरदारांना एवढे स्वातंत्र्य द्यावे लागते, आणि म्हणूनच हे साम्राज्य ग्रहांवर राज्य न करता ग्रहांमधील अवकाशावर करते. हे सारे मी वाचले होते, खेळाडूंना समजावूनही सांगितले होते आणि त्यांनी जांभया दिल्या होत्या. आता तेच त्यांच्या वहीत उतरले. त्यांच्यापुढे नाव बदलून कायमचे नाहीसे होण्याची वाट होती, आणि परत जाऊन थकबाकी भरण्याचीही. पुढच्या तीन बैठका यावरच्या भांडणात गेल्या आणि आठ महिन्यांत इतक्या चांगल्या बैठका झाल्या नव्हत्या. गंमत अशी, की परत जाण्याचा हट्ट हिशेबनिसानेच धरला. सात हप्ते, म्हणजे 10,81,500 क्रेडिट भरून झालेले असताना जहाज चोरीचे ठरवून घ्यायला तो तयार नव्हता. ज्या वहीने त्या अकरा माणसांना मरू दिले तीच वही आता त्याला प्रामाणिक करीत होती, आणि ही विसंगती अभियंत्याची भूमिका करणारीने त्याला स्पष्ट शब्दांत ऐकवली.

तेव्हा माझे मत मी सुधारून लिहितो. हप्ता हा दोष नाही, परंतु तो वर्दळीच्या मार्गावर सुरू झालेल्या कॅम्पेनला, म्हणजे अनेक बैठकांच्या सलग कथेला, गिळतो. मी पुन्हा सुरुवात केली तर पहिल्याच बैठकीत जहाज चुकलेल्या उडीतून बाहेर काढीन आणि राजकारण, सरदार, नकाशा हे सारे परतीच्या वाटेवर भेटू देईन. व्यापाराचे तक्ते बैठकीबाहेर, सामाईक स्प्रेडशीटमध्ये हलवले आहेत. त्यामुळे पाऊण तासाची दहा मिनिटे झाली. ज्यांच्या टेबलावर एकही हिशेबी माणूस नसेल त्यांनी हे विश्व घेताना जहाज कर्जमुक्त द्यावे किंवा सरळ दुसरे काही निवडावे. अकरा हजार ग्रहांच्या मोहाने मात्र घेऊ नये. आम्ही आठ महिन्यांत चौदा पाहिले. शिवाय नवे पात्र तयार करतानाच ते मरू शकते, हा जुना नियम आमच्या वैद्याला दोनदा नडला. तिसऱ्या वेळी मी फाशांकडे पाहिले नाही.

सध्या जहाज परतीच्या पाचव्या उडीवर आहे. दोन हप्ते थकले आहेत, रक्कम 3,09,000. हिशेबनीस आता शुद्ध इंधनच घेतो आणि प्रत्येक पावती वहीत डकवतो. दंडव्याज किती लावायचे हे मी अद्याप ठरवलेले नाही. दर बैठकीला आल्या आल्या तो मला तेच विचारतो.