दोन लाइनचा राउटर: पावसाळाभर वापरल्यावर

चवथ झाली, पाऊस ओसरला, आता या लोड बॅलन्सिंग (दोन इंटरनेट लाइनांवर काम वाटून देणाऱ्या) राउटरबद्दल लिहायला हरकत नाही. फोंड्यात आमचं टॅक्सच्या कामांचं ऑफिस आहे. एक लाइन फायबरची, दुसरी सिमवरची. स्पेसिफिकेशन सगळीकडे आहेत, परत देत नाही.

डोकं फिरलं ते बँकेच्या साइटमुळे. लॉगिन व्हायचं, ओटीपी टाकायचा आणि पुढच्या पानावर 'सेशन संपलं'. तेही रिटर्नच्या शेवटच्या तारखेला. राउटरच्या कस्टमर केअरचं एकच पालुपद, रीसेट करा. शेवटी मीच राउटरमधलं सेशनचं पान (कोणतं कनेक्शन कोणत्या लाइनने गेलं ती यादी) उघडून बसलो. १९२.१६८.१.२३ हा अकाउंट्सचा पीसी. त्याचं ५१५१४ पोर्टवरचं कनेक्शन फायबरने बाहेर, लगेच खालचं ५१५१५ सिमवरून. पीसी एकच, पण नॅट (आतला पत्ता बदलून बाहेरचा लावणं) होताना प्रत्येक कनेक्शनवर ते ज्या लाइनने जाईल तिचा बाहेरचा पत्ता चढतो. बँकेला वाटतं, लॉगिन एकाने केलं आणि पैसे भलताच पाठवतोय. हाकलणारच!

यावर 'स्टिकी सेशन' (पीसीची कनेक्शनं एकाच लाइनला धरून ठेवणारी सोय) आहे, पण तीन मेनू आत आणि कंपनीकडून बंद करून आलेलं. एवढे पैसे मोजून ही शोधाशोध? तेव्हा दोनच स्टार देणार होतो. चालू केल्यावरही पेमेंटच्या पानावर गाडी अडली, कारण ते पान दुसऱ्या सर्व्हरवर, आणि याचं स्टिकी पीसी-सर्व्हरच्या जोडीपुरतंच. मग नियमच घातला: २३ नंबरच्या पीसीचं ४४३ पोर्टचं (म्हणजे https साइटचं) सगळं फायबरने, फायबर पडलं तरच सिमवरून. त्यानंतर एकदाही तक्रार नाही. म्हणून चार स्टार.

पाचवा मात्र मिळणार नाही. वादळात माडाची झावळ केबलवर पडली की सिमवर जातो खरा, पण जाहिरातीतलं 'अखंड' विसरा. चालू डाउनलोड तुटतो, कारण ते कनेक्शन जुन्या पत्त्यावर बांधलेलं असतं. नव्या पत्त्यावरून आलेलं डेटाचं पाकीट समोरचा सर्व्हर ओळखत नाही. व्हिडिओ कॉल थोडा अडकून परत जुळतो. आणि दोन्ही लाइनचा स्पीड एका फाइलला मिळेल ही आशा नको. चौघं एकदम कामाला बसले की खरा फायदा.

घरून ऑफिसचा कॅमेरा बघायला सिमच्या लाइनवर पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेलं कनेक्शन आतल्या कॅमेऱ्याकडे वळवणं) करू नका. माझ्या सिमच्या वॅनला (राउटरच्या बाहेरच्या बाजूला) पत्ता मिळाला १०० ने सुरू होणारा, १००.६४ ते १००.१२७ मधला. म्हणजे सिमच्या कंपनीच्या आतही एक नॅट, आणि त्याला आपला राउटर काही सांगू शकत नाही. फायबरवाले स्टॅटिक आयपी (न बदलणारा पत्ता) देतात, पण दर महिन्याला वेगळे पैसे. तेवढ्यासाठी कशाला? कॅमेऱ्याचं फुकटचं क्लाउड अॅप रखडत का होईना, चालतं.