पुण्याचं लाल देऊळ: नागपूरहून निघताना आधी वार बघा

शुक्रवारी सकाळी अजनीहून वंदे भारत पकडायची, बारा तासांनी रात्री पुण्यात उतरायचं आणि शनिवारी शहर बघायचं, हा नागपूरकरांचा सोयीचा बेत कॅम्पातल्या ओहेल डेव्हिड सिनेगॉगपुढे, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळापुढे, फसतो. यालाच पुण्यात लाल देऊळ म्हणतात. ज्यूंचा शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, शुक्रवारी सूर्यास्ताला लागतो आणि शनिवारी अंधार पडल्यावर सुटतो. तो वेळ प्रार्थनेचा, पाहुण्यांचा नव्हे. दसऱ्याची सुट्टी साधणाऱ्यांनीही कॅलेंडर तपासावं. ज्यू नववर्ष, योम किप्पूर आणि सुक्कोथ हे सण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्येच येतात आणि दरवर्षी तारखा सरकतात. रविवार ते गुरुवार जा.

आधी फोन करून परवानगी घ्या, प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र जवळ ठेवा. ज्यू स्थळांवर बंदोबस्त कडक असतो, त्यामुळे परवानगी नसेल तर फाटकातूनच परत फिरावं लागेल. मोठ्या बॅगा स्टेशनवर ठेवून या. पुरुषांनी डोकं झाकायला साधा रुमाल न्यावा, आणि फोटो विचारल्याशिवाय काढू नये. ऑटोवाल्याला ‘सिनेगॉग’ म्हणण्यापेक्षा ‘लाल देऊळ, मोलेदिना रोड’ सांगा, लगेच कळतं.

बाहेरून बघणारा हमखास चर्च समजतो, आणि त्यात त्याची चूक नाही. लाल वीट, दगड, गॉथिक कमानी आणि सुमारे ९० फुटी घड्याळाचा मनोरा. नकाशा हेन्री सेंट क्लेअर विल्किन्स यांचा. पण आत नागपूरच्या सदरमधल्या ऑल सेंट्स कॅथेड्रलसारखी मांडणी शोधाल तर गोंधळाल. इथे सगळं पुढच्या टोकाला नसतं. ग्रंथवाचनाचा चौथरा, म्हणजे तेवा, सभागृहाच्या मधोमध असतो, आणि तोराच्या, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाच्या, गुंडाळ्या हेखाल नावाच्या कपाटात. भारतात हे कपाट सहसा पश्चिमेकडे, जेरुसलेमच्या दिशेला ठेवतात. चामड्यावर हाताने लिहिलेल्या या गुंडाळ्यांना वाचणाराही बोट लावत नाही, ओळ दाखवायला कांडी वापरतो. तेव्हा आपणही हात मागे ठेवावेत. वरचा सज्जा बायकांसाठी.

आवारातली डेव्हिड सासून यांची कबर बघितल्याशिवाय निघू नका. बगदादहून मुंबईत आलेल्या याच व्यापाऱ्याच्या देणगीतून पुण्याचं ससून रुग्णालय उभं राहिलं. हे सिनेगॉगही त्यांनीच बांधायला घेतलं. काम १८६३ मध्ये सुरू झालं, सासून १८६४ मध्ये वारले, इमारत १८६७ मध्ये पुरी झाली. म्हणजे स्वतःचं देऊळ त्यांनी पूर्ण झालेलं पाहिलंच नाही.

सगळं बघायला तासभर पुरतो. इमारत म्हणून याला तोड नाही. मात्र घरात मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल या ज्यू समाजाबद्दल कुतूहल असेल, तर रास्ता पेठेतलं १९२१ चं सुक्कथ शेलोमो सिनेगॉग त्याच दिवशी जोडून घ्या. थाट कमी, पण दिवेकर-पेणकर आडनावांची माणसं भेटण्याची शक्यता तिथेच जास्त. परवानगी मात्र वेगळी काढावी लागते.