प्लेटलेटमधील कॅल्शियम मोजण्यासाठी फ्युरा-२ एएम : वापरानंतरचा अभिप्राय

रक्त गोठवण्यास मदत करणाऱ्या मानवी प्लेटलेटला (बिंबिकेला) केंद्रक नसते, त्यामुळे जनुक घालून तिच्यातच चमकणारे प्रथिन तयार करून घेण्याची सोय नाही. आतले कॅल्शियम पाहायचे तर बाहेरून शिरणारे रंगद्रव्यच लागते. त्यासाठी मी अनेक वर्षे फ्युरा-२ एएम वापरत आहे (एएम म्हणजे रंगाला पेशीत शिरू देणारे एस्टर रूप). रसायनशास्त्रज्ञ रॉजर त्सिएन आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडलेले हे रंगद्रव्य आधीच्या क्विन-२ या रंगद्रव्यापेक्षा कितीतरी तेजस्वी आहे. क्विन-२ इतके भरावे लागे की ते स्वतःच कॅल्शियम धरून ठेवी आणि मोजायची लाटच बुटकी होई.

फ्युराचे खरे मोल त्याच्या दोन चमकींच्या गुणोत्तरात आहे. कॅल्शियम जोडले गेले की ३४० नॅनोमीटरच्या प्रकाशाने मिळणारी चमक वाढते आणि ३८० ची घटते, त्यामुळे पेशी थोड्या कमी-अधिक असल्या किंवा रंग कमी-जास्त भरला गेला, तरी आकडा फारसा ढळत नाही. विश्रांत प्लेटलेटमध्ये कॅल्शियम सुमारे १०० नॅनोमोलर असते. प्लेटलेटला चेतवणाऱ्या थ्रॉम्बिनचा थेंब पडताच काही सेकंदांत ३४० आणि ३८० च्या दोन्ही रेषा एकमेकींपासून फाकतात, आणि कितीही वेळा पाहिले तरी त्या क्षणी माझी नजर पडद्यावरून हटत नाही. बाहेरचे कॅल्शियम ईजीटीए या कॅल्शियम पकडणाऱ्या रसायनाने बांधून ठेवले, तर शिखर ठेंगणे राहते आणि लवकर ओसरते, कारण तेव्हा दिसतो तो केवळ आतल्या दाट नलिकाजालातून (प्लेटलेटच्या कॅल्शियम-कोठारातून) सुटलेला साठा. मग बाहेर पुन्हा कॅल्शियम घातले की स्टिम१ (कोठार रिते झाल्याचे ओळखणारे प्रथिन) आणि ओराय१ (पेशीपटलातील कॅल्शियम-मार्ग) यांच्या वाटेने आत येणारा ओघ वेगळा दिसतो. एकाच क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या पारदर्शक नळीत) हे दोन्ही टप्पे इतके स्वच्छ सुटे करता येतात, यासाठी मी या रंगद्रव्याला मनापासून दाद देतो.

दोष मात्र गंभीर आहे. ३७ अंशांवर रंग प्लेटलेटमधून हळूहळू बाहेर झिरपतो, आणि बाहेरच्या भरपूर कॅल्शियमला जोडला गेल्याने विश्रांत पातळी खोटी चढलेली दिसते. रंग बाहेर नेणारी वाहतूक रोखणारे प्रोबेनेसिड किंवा सल्फिनपायराझोन घातल्यास ही गळती बरीच आटोक्यात येते. तरीही रंग भरलेल्या पेशी मी तासन्‌तास ठेवत नाही. ज्यांच्याकडे केवळ ४८८ नॅनोमीटरचा लेझर असलेला फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेझरपुढून नेऊन तिची चमक मोजणारे यंत्र) आहे, त्यांनी हे घेऊच नये, त्या प्रकाशाने चमकणारे फ्लुओ-४ घ्यावे.

खरेदी करताना १ मिलिग्रॅमची मोठी कुपी टाळावी. आमची तशी एक कुपी वारंवार उघडल्याने ओलावा लागून वाया गेली, कारण एस्टर पाण्याने तुटला की रंग पेशीत शिरतच नाही. ५० मायक्रोग्रॅमच्या कुपीत तळाशी जेमतेम एक पुसट थर दिसतो. त्यात ५० मायक्रोलिटर कोरडे डीएमएसओ हे द्रावक घातले की सुमारे १ मिलिमोलर द्रावण तयार होते, आणि ते मी त्याच दिवशी संपवतो.