बाग राखायला कोण ठेवावं? नेपाळी गडी, गावचे गडी की करार

नोकरी मुंबई-पुण्यात आणि गावाला शंभर-दीडशे हापूसची कलमं, अशा माणसाला पावसाळा सरत आला की एकच काळजी लागते: यंदा बागेत माणूस कोण? रत्नागिरी, राजापूर, देवगडकडे कुणालाही विचारा, उत्तर तयार असतं. ‘नेपाळी ठेव आणि मोकळा हो.’ मोठ्या बागेला हा सल्ला चालतो. लहान बागेचा मालक तो ऐकून हंगामाच्या शेवटी हिशेब घेऊन बसतो, तेव्हा त्याला घाम फुटतो.

माझं मत आधीच सांगतो. राखणीला आणि फवारणीला नेपाळी जोडपं उत्तम. काढणी आणि भरणीला गावची माणसं लागतातच. आणि बाग फारच लहान असेल तर एकट्याने नेपाळी ठेवण्याच्या भानगडीत पडू नये.

परदेशी माणूस म्हणजे कागदपत्रांचं काय?

पहिल्यांदा ठेवणाऱ्याला हीच धास्ती असते आणि ती बऱ्याच अंशी विनाकारण असते. ३१ जुलै १९५० रोजी झालेल्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळच्या नागरिकाला सीमा ओलांडून इथे यायला व्हिसा लागत नाही, पासपोर्टही लागत नाही. कराराच्या सातव्या कलमाने दोन्हीकडच्या लोकांना एकमेकांच्या देशात राहायला, फिरायला, व्यापार करायला परस्पर मोकळीक दिली आहे. बागेत कामाला वेगळा परवाना काढावा लागत नाही. पण ही सवलत नेपाळी माणसाची आहे, नेपाळी असल्याचं सांगणाऱ्याची नव्हे. इतर कुठल्या देशाचा माणूस कागदाशिवाय ठेवलात तर ते प्रकरण निराळं आणि महागात जाणारं.

म्हणून नागरिकता प्रमाणपत्र बघायचं. ते देवनागरीत असतं, नाव आणि जिल्हा तुम्हालाही वाचता येतो. कोकणात येणारे बरेचसे पश्चिम नेपाळच्या टोकाचे: कैलाली, डोटी, अछाम, बझांग, बाजुरा. जन्मसाल मात्र विक्रम संवतातलं असतं. २०६० दिसलं म्हणून चक्रावू नका. त्यातून ५७ वजा करा, साधारण २००३ येतं. हे प्रमाणपत्र सोळा वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. तेव्हा ‘कागद घरी राहिला’ म्हणणारा पोरगा मिसरूडही न फुटलेला असेल तर त्याला कामावर घेऊच नका.

झेरॉक्स आणि फोटो पोलीस ठाण्यात द्यायचे. पोलीस बागायतदारांकडे ही माहिती मागतातच, आणि मागितली नाही तरी देऊन ठेवण्यात तुमचंच भलं आहे. मूळ कागद मात्र स्वतःकडे अडकवून ठेवायचा नाही. ‘पळून जाऊ नये म्हणून’ तो कपाटात ठेवणारे बागायतदार मी पाहिलेत. पळणारा कागदाशिवायही पळतो आणि चांगला माणूस मनातून उतरतो.

गावच्या गड्याच्या बाबतीत यातलं काहीच नाही. ओळख पिढ्यांची असते आणि भांडणंही पिढ्यांचीच!

कुणाचं काम कुठे वरचढ

हापूसच्या बागेत नोव्हेंबरपासून मे अखेरपर्यंत माणूस लागतो, पण त्या सात महिन्यांतली कामं एका जातीची नाहीत.

सुरुवात फवारणीपासून. दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं वेळापत्रक सहा फवारण्यांचं आहे. मोहोर फुटायच्या आधी पालवीवर पहिली, आणि पुढच्या साधारण पंधरवड्याच्या अंतराने. तुडतुडा किंवा थ्रिप्स ही कीड दिसली की चार दिवस थांबून चालत नाही. इथे बागेतच राहणारा माणूस हवा. गावचा गडी ‘परवा येतो’ म्हणतो आणि तो परवा कधी आठवड्यावर जातो. त्याचा दोष नाही, त्याचीही चार कलमं असतात आणि त्यांच्यावरही तोच तुडतुडा असतो. पहाटे पंप चालू करून ऊन चढायच्या आत दोन टाक्या मारून होणं, हे मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, झोपणाऱ्यालाच जमतं. फक्त मास्क, हातमोजे तुम्ही द्या आणि वापरतात की नाही ते बघा. औषधाच्या बाटलीवरची मराठी-हिंदी अक्षरं शाळा शिकलेला नेपाळी वाचू शकतो, पण मात्रा एकदा समोर मोजून दाखवा.

मग राखण. दिवसा माकडं आणि वानर, रात्री माणसं. फेब्रुवारीनंतर वणव्याची भीती. शेजारच्या माळावर कुणी विडी टाकली तरी तुमची वीस वर्षांची कलमं होरपळतात. कडेचं गवत कापून पट्टा मोकळा ठेवणं आणि धूर दिसल्याबरोबर धावणं, याला हजेरीचा गडी उपयोगाचा नाही. तो संध्याकाळी घरी जाणार. राखणीत नेपाळी जोडप्याला तोड नाही, हे मी बिनशर्त मान्य करतो.

काढणीला चित्र उलटतं. आंबा ‘चौदा आणे’, म्हणजे उतरवण्याइतका तयार, झालाय की नाही हे देठाजवळचे खांदे वर आलेत का आणि हिरव्याचा रंग किती फिकटलाय यावरून एका नजरेत कळावं लागतं. बारा आण्याचा उतरवला तर पिकताना सुरकुततो, पार सोळा आणे होऊ दिला तर साक्याची, म्हणजे आतला गर खराब होण्याची, धास्ती. झेल्याने, म्हणजे जाळी लावलेल्या काठीने, काढताना देठ बोटभर राहिला पाहिजे. देठ तुटला की चीक सालीवर ओघळतो, तिथे काळा डाग पडतो आणि वरच्या प्रतीचा आंबा पेटीतून बाहेर जातो. नवीन आलेल्या नेपाळी पोराला हे शिकवण्यात पहिल्या पंधरा दिवसांचा माल जातो. त्याच बागेत चार-पाच हंगाम काढलेला असेल तर गोष्ट वेगळी, तो तुम्हाला शिकवेल. निवड आणि भरणी तर गावातल्या बायकांनीच करावी. पेंढ्यात आंबा बसवण्याचा त्यांचा हात आणि वेग दुसऱ्या कुणाला नाही.

दोन पंचांगं

गावच्या माणसांचा सगळ्यात मोठा अडसर म्हणजे शिमगा. हंगामाचं पहिलं फळ तयार होतं नेमकं तेव्हाच पालखी घराबाहेर पडते. मग गडी मिळत नाही, मिळू नये असंच आहे. पुढे एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि मुंबईकर.

नेपाळी माणसाचा दसैं म्हणजे आपला दसरा, तिहार म्हणजे दिवाळी. ते सण घरी करून तो निघतो आणि कोकणात पोचतो तोवर पालवी पक्व झालेली असते. परतीची ओढ असते ती भातलावणीची. असार महिन्याच्या आत, म्हणजे जूनच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत त्याला गावी पोचायचं असतं. हापूसच्या हंगामाशी हे जवळपास चपखल बसतं. पण मोहोर उशिरा आला आणि फळ जूनपर्यंत लांबलं, तर शेवटचा आंबा झाडावर आणि गडी गाडीत, अशी गत होते. शिवाय कल्टार, म्हणजे मोहोर आणणारं संजीवक, घालायचं काम १५ जुलै ते १५ ऑगस्टच्या दरम्यानचं, खतंही पावसातच. त्यासाठी गावचेच लोक लागणार. हंगामात त्यांना विचारायचं नाही आणि पावसात हाक मारायची, हे चालत नाही.

पैशाचा हिशेब

दर तालुक्यागणिक बदलतात, तेव्हा खालचे आकडे निव्वळ हिशेबापुरते धरा आणि तुमच्याकडचे घालून बघा. जोडप्याला माणशी १२,००० महिना, सात महिने: १,६८,०००. तांदूळ, डाळ, तेल, गॅस मिळून महिना ६,००० धरले तर ४२,००० आणखी. झाले २,१०,०००. बाग शंभर कलमांची असेल तर झाडामागे २,१०० रुपये. तीनशे कलमांना तेच जोडपं पुरत असेल तर झाडामागे ७००. यातच सगळं आलं.

गावच्या गड्यांचं शंभर कलमांचं गणित असं: फवारण्या, गवत, काढणी मिळून १३५ हजेऱ्या, ६०० रुपयांनी ८१,०००. यात राखण नाही. आणि नेपाळी ठेवलेत तरी काढणीच्या हजेऱ्या सुटत नाहीत, हे विसरू नका.

कागदावर न येणारे खर्च वेगळे. मांगराला पक्कं छप्पर, पाणी, संडास, दिवा. हे नसेल तर पुढच्या वर्षी तो येणार नाही आणि येऊही नये. झाडावरून पडला किंवा साप चावला तर सरकारी दवाखाना उपचार करतो, पण पुढे खासगी रुग्णालयात न्यायची वेळ आली की त्याच्याकडे इथलं रेशन कार्ड नसतं, सरकारी आरोग्य योजनेचा आधार मिळत नाही. ते बिल तुमचं. सोबत लेकरं असतील तर जवळची जिल्हा परिषदेची शाळा त्यांना घेते. तुम्ही एकदा जाऊन मास्तरांना भेटायचं. पोरांना आंबे वेचायला लावायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

उचलीवर बरीच रडगाणी ऐकू येतात. आगाऊ पैसे घेऊन माणूस दुसऱ्याच्या बागेत हजर, असं होतं. त्यावर उपाय म्हणजे पहिल्या वर्षी रोख उचल न देता तिकीट काढून द्यायचं आणि ओळखीच्या जुन्या माणसामार्फतच नवीन घ्यायचा. दुसरी बाजूही तितकीच खरी. सात महिन्यांचा पगार जूनपर्यंत दाबून ठेवणारे आणि शेवटी ‘माल पडला’ म्हणून काटणारे मालक कमी नाहीत. दर महिन्याला निम्मा तरी हातात द्या. घरी पाठवायला भारतीय बँकांतून नेपाळात पैसे पाठवण्याची सोय २००८ पासून आहे, खातं नसलं तरी एका वेळी ५०,००० पर्यंत जातात. तिथे आपल्या १०० रुपयांचे १६० नेपाळी रुपये, हा दर बांधलेला. सगळी रक्कम कमरेला बांधून नेपाळच्या सीमेवरच्या बनबसापर्यंत गाडीने जायला लावू नका. वाटेत लुटले जातात.

तिसरी वाट

बाग कराराने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याच्या ताब्यात, देणं सोपं वाटतं. एकरकमी पैसे, कटकट नाही. पण वर्ष-दोन वर्षांच्या करारावर घेणारा झाडाकडे पुढच्या वीस वर्षांच्या नजरेने का बघेल? कल्टारचा मारा आणि औषधांचा अतिरेक करून तो दोन हंगाम पिळून घेतो आणि तिसऱ्या वर्षी थकलेली कलमं तुमच्या हाती येतात. शिवाय तोही नेपाळीच ठेवतो, तुमच्याच मांगरात. पोलिसांकडे नोंद कुणी करायची, अपघाताचा खर्च कुणाचा आणि कल्टारची मात्रा किती, हे मुद्दे करारनाम्यात लिहून घ्या. घेत नसेल तर बाग देऊ नका.

शंभरच्या आतल्या बागेला मला पटणारी तोड वेगळी आहे. लगतच्या दोन-तीन मालकांनी मिळून एक जोडपं ठेवावं, पगार कलमांच्या संख्येवर वाटून घ्यावा, काढणी ज्याची त्याने गावच्या माणसांकडून करावी. भांडण होतं ते फवारणी आधी कुणाची यावरून. त्याचा क्रम आधीच लिहून ठेवला की बरंच निभतं. दोनशेच्या वर कलमं असतील आणि तुम्ही महिन्यातून एकदा तरी येऊ शकत असाल तर स्वतंत्र जोडपं बिनधास्त ठेवा. येऊच शकत नसाल तर कुणीही ठेवलात तरी फरक पडत नाही.

माणूस ठरवायचा तो नवरात्राच्या आधी. जुने, भरवशाचे नेपाळी मे महिन्यात निघतानाच पुढचा शब्द देऊन जातात. मिरकरवाड्याच्या, हर्णैच्या मासेमारी बोटींवरही तेच लोक खलाशी म्हणून हवे असतात, आणि तिथे १ ऑगस्टला पावसाळी मासेमारी बंदी उठते, म्हणजे बोटवाले तुमच्या आधी माणसं उचलतात. तरुण पोरं आता मलेशिया आणि आखाताकडे बघतात. दिवाळीनंतर शोधायला निघालात तर आधीच्या मालकाने का सोडला, हे विचारल्याशिवाय घेऊ नका. त्या मालकाला फोन करा, आणि त्याचा पगार चुकता झाला होता का तेही त्या गड्याला विचारा.